तारेवरचं बल: तुकड्याचं आणि अख्ख्या परिपथाचं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला चुंबकाच्या भानगडीत पडायचं कारण काय? प्रश्न रास्त आहे. पण आधी आपण गणित करू. गणित न करता त्याच्यावर तात्त्विक बोलत राहणं हा आमच्या विषयातला जुना रोग आहे.

चुंबकीय क्षेत्रात तार ठेवून तिच्यातून विद्युतधारा सोडली की तारेवर बल येतं. किती? क्षेत्र, धारा आणि तारेची लांबी यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला तार व क्षेत्र यांच्यामधल्या कोनाच्या साइनने गुणायचं. क्षेत्र टेस्लामध्ये, धारा अँपिअरमध्ये, लांबी मीटरमध्ये घेतली की उत्तर न्यूटनमध्ये येतं. तार क्षेत्राला काटकोनात असेल तर साइन १. समांतर असेल तर ०, मग चुंबक कितीही मोठा आणा, तार ढिम्म. दिशा दहावीतल्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने मिळते: तर्जनी म्हणजे क्षेत्र, मधलं बोट धारा, अंगठा बल.

आता तार वाकडी असली तर? समजा ०.५ टेस्लाच्या एकसमान क्षेत्रात, क्षेत्राला काटकोनात असलेल्या प्रतलात, १० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आहे आणि त्यातून २ अँपिअर धारा जाते. इंटर सायन्सला आम्ही इथे कमानीची लांबी, सुमारे ३१.४ सेंटिमीटर, धरली आणि गुण घालवले. कमानीच्या प्रत्येक कणावरचं बल वेगळ्या दिशेला आहे, आडवे भाग एकमेकांना खोडून टाकतात. उरतं ते दोन टोकांमधल्या सरळ अंतराइतक्या, म्हणजे २० सेंटिमीटर तारेवरचं बल: २ गुणिले ०.२ गुणिले ०.५, म्हणजे ०.२ न्यूटन. क्षेत्र एकसमान असेल तर तार मधे कुठे भटकून आली याला महत्त्व नाही. टोकं कुठे आहेत एवढंच बघायचं.

हे जरा मोठ्या मापावर बघू. चंद्रपूरहून मुंबईच्या अलीकडे पडघ्याला वीज आणणारी डीसी वाहिनी आहे, साधारण ७५० किलोमीटरची. तिची क्षमता १५०० मेगावॉट, आणि दोन ध्रुवांमध्ये अधिक-उणे मिळून १००० किलोव्होल्टचा फरक. म्हणजे पूर्ण भाराला धारा १५०० अँपिअर. वाहिनी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाते, पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे. आपल्याकडे त्याचा आडवा भाग सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे ०.००००४ टेस्ला. दोन मनोऱ्यांमध्ये ४०० मीटर अंतर धरा. गुणाकार केला की २४ न्यूटन, जवळजवळ अडीच किलो वजनाइतकं बल! पश्चिमेकडे जाणाऱ्या धारेसाठी ते खालच्या दिशेला आहे. डावा हात वापरून पडताळा घ्या. एवढ्या लांब तारांचं स्वतःचं वजन याच्या कित्येक पट असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण बघा, धारा पडघ्याला जाऊन संपत नाही. दुसऱ्या ध्रुवाच्या तारेतून ती पूर्वेकडे परत येते, आणि त्या तारेला तेवढंच बल वर उचलतं. दोन्हींची बेरीज शून्य. हा योगायोग नव्हे. परिपथ बंद असेल तर सुरुवातीचं आणि शेवटचं टोक एकच, त्यांच्यातलं अंतर शून्य, म्हणून एकसमान क्षेत्रात एकूण बलही शून्य.

मग खेळण्यातली मोटर फिरते कशी? तिथेही वेटोळ्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर उलट दिशांची सारखीच बलं असतात, बेरीज शून्यच. मात्र ती एका रेषेत नसतात. एक बाजू वर, दुसरी खाली. वेटोळं जागा सोडत नाही, पण फिरतं.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. १८२० साली ओर्स्टेडने दाखवलं की धारेमुळे होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअरने दोन तारांमधलं बल दाखवलं आणि पुढे तारेच्या अतिसूक्ष्म तुकड्यांमधल्या बलाचं सूत्र बसवलं. (या गृहस्थाने उतारवयात विज्ञानांच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथही लिहिला, म्हणजे आमच्या जातीचाच.) दोन तुकड्यांमधलं बल त्यांना जोडणाऱ्या रेषेवरच असणार, हे त्याने न्यूटनच्या परंपरेप्रमाणे गृहीत धरलं होतं. १८४५ साली ग्रासमनने दुसरं सूत्र मांडलं, त्यात ही अट नव्हती. तुकड्यामागे दोघांची उत्तरं वेगळी. पण एखाद्या तुकड्यावर अख्ख्या बंद परिपथाने लावलेलं बल काढा, दोन्ही सूत्रं एकच आकडा देतात! आणि स्थिर धारा बंद परिपथाशिवाय वाहतच नाही. मग प्रयोगाने निवाडा करायचा कसा?

नैयायिक आणि बौद्ध यांच्यात अवयव आणि अवयवी यांवर शतकानुशतकं वाद चालला. घट हा त्याच्या भागांहून वेगळा आहे, की भागांच्या समूहालाच आपण घट म्हणतो? वर्गात हे शिकवताना भाग मात्र निःसंशय आहेत असं आम्ही धरून चालायचो. इथे उलटच झालं. प्रयोगात हाती लागला तो अवयवी, आणि अवयवाबद्दल दोन मतं.

निवाडा झाला तो तारेच्या तुकड्यावर नव्हे, तर तारेतल्या विद्युतभारावर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोरेन्ट्झने गतिमान भारावरच्या बलाचं सूत्र दिलं: भार, वेग आणि क्षेत्र यांचा गुणाकार, कोनाच्या साइनसह. मघाची तार सरळ, २० सेंटिमीटर लांब, तांब्याची आणि १ चौरस मिलिमीटर जाडीची धरा. २ अँपिअरला त्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला ०.१५ मिलिमीटर एवढेच सरकतात, मुंगीपेक्षाही हळू. एकेकावरचं बल दशांशचिन्हानंतर २२ शून्यं देऊन मग १२ लिहावं एवढं. पण इलेक्ट्रॉन आहेत १७ वर २१ शून्यं. गुणाकार करून बघा: ०.२ न्यूटन, मघाचंच उत्तर.

यासाठी किंमत मोजावी लागते ती अशी, की दोन गतिमान भार एकमेकांवर लावतात ती बलं नेहमी समान आणि विरुद्ध नसतात. न्यूटनचा तिसरा नियम तिथे दोन भारांपुरता लंगडा पडतो, आणि हिशेब पुरा करायला संवेगाचा काही वाटा क्षेत्राच्या नावावर मांडावा लागतो. तो हिशेब पुढच्या व्याख्यानात.