विश्लेषण : वॉर्सातील सर्वांत उंच चर्च सुरुंग लावून का पाडले गेले?

पोलंडची राजधानी वॉर्साच्या मधोमध असलेला पिलसुद्स्की चौक आज मोकळा, फरसबंद आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे अलेक्झांडर नेव्हस्की हे रशियन ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल होते. त्याच्या घंटाघराची उंची ७० मीटर, म्हणजे शहरात सर्वाधिक. १८९४ मध्ये सुरू झालेले काम १९१२ मध्ये संपले आणि १९२६ पर्यंत वास्तू नाहीशीही झाली. बांधायला १८ वर्षे लागली, पण ती पुरती १५ वर्षेही टिकली नाही.

ते बांधले कोणी?

तेव्हा वॉर्सा रशियन साम्राज्यात होते. गव्हर्नर जनरल योसिफ गुरको यांनी हा प्रकल्प रेटला. वास्तुरचना लिओन बेनुआ यांची. उपासनेसाठी चर्च हवे होतेच, पण बहुसंख्य कॅथलिकांच्या शहरात भर चौकात एवढे उंच घंटाघर कशासाठी, हे वॉर्सावासीयांना सांगावे लागले नाही.

मग पाडले का?

१९१५ मध्ये रशियन फौजा माघारी गेल्या, जाताना मौल्यवान वस्तू आणि घंटा घेऊन गेल्या. जर्मनांनी ते आपल्या सैनिकांचे चर्च केले. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि वाद पेटला. अनेकांच्या लेखी ती गुलामीची खूण होती. मात्र नव्या पोलंडमध्ये लाखो ऑर्थोडॉक्स नागरिकही होते आणि त्यांच्यासाठी ते देवाचे घर होते. सिनेटर व्याचेस्लाव बोग्दानोविच यांनी सिनेटमध्ये विरोध केला, पण तो टिकला नाही. पाडकामाच्या खर्चासाठी पालिकेने चक्क कर्जरोखे काढले! भिंती इतक्या भक्कम होत्या की सुमारे १५ हजार छोटे स्फोट करावे लागले.

काय उरले?

काही मोझाइक चित्रे आज बेलारूसमध्ये असलेल्या बारानोविची येथील चर्चमध्ये लावली गेली. जास्पर दगडाचे खांब क्राकोच्या वावेल टेकडीवर गेले. रशियाविरुद्ध लढलेल्या युझेफ पिलसुद्स्की यांच्या समाधीवरील छत्री त्याच खांबांवर उभी आहे. वॉर्साच्या प्रागा भागातील मेरी मॅग्डालीन हे ऑर्थोडॉक्स चर्च मात्र वाचले. तिथे आजही प्रार्थना होते.