सरळ रेघ वाकडी दिसतेय? प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असतो असं नाही

आजी-आजोबा 'अंधुक दिसतंय' म्हणाले की आपण मोतीबिंदू समजून मोकळे होतो आणि पुढच्या शिबिराची वाट बघतो. पण दाराची चौकट वाकडी दिसत असेल किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावर मधोमध डाग येत असेल, तर वाट बघणं महागात पडू शकतं.

हा आजार काय आहे?

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला मॅक्युला म्हणतात. वाचणं, तांदूळ निवडणं, चेहरे ओळखणं त्याच्यामुळेच जमतं. वयानुसार तो खराब होतो, त्याला एएमडी म्हणतात. बहुतेकांना होणारा 'कोरडा' प्रकार हळूहळू वाढतो. 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळतात आणि काही आठवड्यांतच नजर खालावू शकते.

घरी कसं ओळखायचं?

वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि गणिताच्या चौकटीच्या वहीकडे बघा. मग दुसऱ्या डोळ्याने बघा. रेघा वाकड्या किंवा तुटक दिसल्या, तर काही दिवसांतच डॉक्टरांकडे जा. तिथे थेंब टाकून पडदा तपासतात आणि ओसीटी स्कॅन करतात. या स्कॅनमध्ये सुई टोचत नाहीत.

उपचार काय?

ओल्या प्रकारात डोळा बधिर करून रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन देतात. बेव्हॅसिझुमॅब मूळचं कॅन्सरचं औषध, पण बरंच स्वस्त. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते रॅनिबिझुमॅबइतकंच प्रभावी ठरलं. सुरुवातीला साधारण दर महिन्याला, नंतर गरजेप्रमाणे इंजेक्शन घ्यावं लागतं.

कोरड्या प्रकारात मधल्या टप्प्यावर ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंकच्या गोळ्यांनी आजाराचा वेग कमी होतो. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. गोंदिया बिडी उद्योगाचा जिल्हा, म्हणून हेही सांगायला हवं: धूम्रपानाने एएमडीचा धोका वाढतो.

गोंदियात कुठे जायचं?

पहिली तपासणी 2016 साली सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येईल. पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, तर नागपूर रेल्वेने काही तासांवर आहे. खरी अडचण पुढे येते. सालेकसा किंवा देवरीहून रोवणीच्या दिवसांत आजोबांना दर महिन्याला कोण नेणार? म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या तारखा आणि खर्च विचारून घ्या. दोन इंजेक्शनांनी बरं वाटलं म्हणून थांबलात, तर गळती पुन्हा सुरू होऊ शकते. आणि गेलेली नजर बऱ्याचदा परत येत नाही.