घूस एक नव्हे, दोन

कोलकात्याच्या कर्झन पार्कमधील उंदरांना येणारेजाणारे आवडीने खाऊ घालीत आणि ते दिवसाढवळ्या बिळांबाहेर येत. हे उंदीर म्हणजे छोटी घूस (बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस). मूळचा शेतातील हा प्राणी शहरात शिरला आणि तेथील धान्यगोदामांत त्याने घरउंदरालाही मागे टाकले. जे. जे. स्पिलेट यांचा कोलकात्यातील छोट्या घुशीच्या परिस्थितिकीवरील अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

घूस म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मात्र मोठी घूस (बॅन्डिकोटा इंडिका) : किलोभर वजनाची, गटारांच्या आणि कुंपणभिंतींच्या आश्रयाने राहणारी. ‘बॅन्डिकूट’ हे नाव तेलुगू ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर यावरून आले. छोट्या घुशीचे वजन बहुधा २०० ते ३५० ग्रॅम भरते. त्यामुळे तिला मोठ्या घुशीचे पिल्लू समजण्याची चूक वारंवार होते. डिवचल्यावर दोघीही केस फुलवून गुरगुरतात, म्हणून वागणुकीवरून ओळख पटत नाही. मागचे पाऊल पाहावे. छोटीचे पाऊल ४ सेंमीहून लहान असते, मोठीचे ५ सेंमीच्या आसपास. छोटीची शेपूट डोके व धड यांच्या एकत्रित लांबीहून स्पष्टपणे आखूड, तर मोठीची जवळजवळ तेवढीच.

शेतकऱ्याला धास्ती मोठीची वाटते, पण पिकाची खरी हानी छोटी करते. ती भाताची ताटे बुडाशी कुरतडते, लोंब्या बिळात ओढून नेते आणि कित्येक किलो धान्य साठविते. बंगालमध्ये कापणीनंतर ही बिळे खणून भात परत मिळविणारी गरीब कुटुंबे आहेत. नुकसानीचे याहून बोलके मोजमाप नाही.

छोटी घूस आत शिरल्यावर बिळाचे तोंड सैल मातीने बुजविते. बांधावर ताजा उकीर दिसूनही उघडे भोक दिसत नाही आणि बीळ ओसाड समजून सोडले जाते. म्हणून आदल्या सायंकाळी सर्व बिळे लिंपावीत. सकाळी जेथे माती पुन्हा उकरलेली आढळेल, तेथेच उपाय योजावा. झिंक फॉस्फाइड वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देणे आवश्यक आहे. एकदा विषाची चव घेऊन वाचलेली घूस ते आमिष पुन्हा सहसा शिवत नाही. अशा वेळी ब्रोमॅडिओलोन उपयोगी पडते.