परदेशात भाषेची शाळा निवडताना

पूर्वी इतवारीतल्या मुली लग्न होऊन फार तर रायपूर-जबलपूरला, नाहीतर पुण्या-मुंबईला जायच्या. आता जावई सॉफ्टवेअरमधला असला की लेक थेट स्पेनला किंवा मेक्सिकोला निघते. मेक्सिकोत ग्वादालाहाराला टीसीएसचं आणि मॉन्तेरेला इन्फोसिसचं मोठं काम आहे. जावयाचं ऑफिस इंग्रजीवर निभतं. पण भाजीवाली, बसचा ड्रायव्हर, मुलाच्या शाळेतल्या बाई आणि डॉक्टर बहुतेक स्पॅनिशच बोलतात. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन नवऱ्याची वाट बघत बसायचं का? म्हणून मैत्रिणींनो, तिथे भाषा शिकणं ही नुसती हौस नव्हे. आपल्या पायावर घराबाहेर पडण्याची ती पहिली पायरी आहे.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. स्पॅनिश जवळजवळ लिहिलं तसंच वाचतात. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच मऊ असतो. आपल्या तू-तुम्हीसारखं त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद' आहे. आपला 'पगार' पोर्तुगीजमधून आला, आणि तिची बहीण असलेल्या स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं! आणि आपल्या विदर्भाचा दाखला तर आहेच. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचं निधन झालं. तिथल्या शेतकऱ्याची भाषा आपलीशी केल्याशिवाय का हे जमलं असेल?

आता शाळेचं बघू. पहिली गोष्ट, कोणत्या देशात राहायचं आहे ते पाहून शिका. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' म्हणतात, मेक्सिकोत 'पापा'. 'मान्तेका' हा शब्द तर शाकाहारी घरांनी पाठच करावा. अर्जेंटिनात तो लोण्याला वापरतात, पण स्पेन-मेक्सिकोत त्याचा अर्थ डुकराची चरबी! नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तरी भागत नाही. कार्ने म्हणजे लाल मांस अशीच बऱ्याच जणांची समजूत असते, म्हणून ताटात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. चांगल्या शिक्षिका असले रोजचे शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

दुसरी गोष्ट, किती दिवस राहायचं आहे? वर्ष-दोन वर्षं स्पेनमध्ये असाल तर सरकारी भाषाशाळा बघा. 'एस्क्वेला ओफिसियाल दे इदियोमास' असं त्यांचं नाव. खासगी क्लासच्या मानाने फी बरीच कमी, पण प्रवेश बहुधा वर्षातून एकदाच मिळतो, त्यामुळे पोहोचल्याबरोबर तारखा विचारून ठेवा. मेक्सिको सिटीत तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र १९२१ पासून चालू आहे. महिना-दोन महिन्यांसाठीच गेला असाल तर खासगी शाळा सोयीची. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा गावात तर एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, आणि राहणं स्थानिक कुटुंबात, अशी पद्धत आहे. कुटुंबात राहायचं असेल तर जेवणाचं आधीच लिहून कळवा.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. इतवारीत साडी घेताना आपण पोत हाताने बघतो, पदर उलगडायला लावतो, आणि मगच भावाचं बोलतो. शाळेचंही तसंच करा. एक तास वर्गात बसू द्या म्हणावं. वर्गात किती जण आहेत? बाईच बोलतात की विद्यार्थिनींनाही बोलायला लावतात? प्रवेशाआधी आपली पातळी तपासतात का? ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या असतात, त्यातल्या चुकीच्या पायरीवर बसवलं तर पैसे आणि उत्साह दोन्ही वाया. वर्गाची वेळ मुलांच्या शाळेशी जुळते का, तेही बघा. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात खाडे सुरू होतात. वर्षाची फी एकदम भरू नका. मध्येच सोडावं लागलं तर पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या.

सर्टिफिकेटचंही विचारा. शाळेचा स्वतःचा कागद भिंतीवर लावायला बरा असतो, पण पुढे नोकरी करायची असेल तर 'देले' परीक्षा द्यावी. ती स्पेन सरकारची आहे आणि तिची मुदत संपत नाही. स्पेनचं नागरिकत्व घेणाऱ्यांना तर किमान ए-२ पातळी दाखवावी लागते. ही परीक्षा घेणाऱ्या 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस'चं केंद्र दिल्लीत २००९ पासून आहे. निघण्यापूर्वी हातात दोन-तीन महिने असतील तर इथूनच ऑनलाइन सुरुवात करता येते.

शेवटचं सांगणं घरच्यांना. लेक-सून निघाली की आपण लोणचं, पापड, कुकर सगळं बांधून देतो. जावई तिकडे घर, गाडी, विमा यांचा हिशेब मांडतो. त्या हिशेबात तिच्या भाषेच्या फीचा रकाना पहिल्या महिन्यापासून असू द्या. "तिला काय करायचंय शिकून, मी आहे ना," असं प्रेमाने म्हटलं तरी कोंडी तिचीच होते. दवाखान्यात लेकराचं दुखणं तिला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.