आठ वर्षांचा मास्तर

मद्रासच्या एग्मोर भागात १७८९ मध्ये लष्करी अनाथाश्रम सुरू झाला. गोऱ्या सैनिकांची पोरकी मुलं तिथे धर्मादाय शिकत; बहुतेकांच्या आया इथल्याच. देखरेखीला होता स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल. मास्तर मोजके, त्यात जुन्या चालीला चिकटलेले. मुळाक्षरं घोटवण्यातच दिवस सरत.

एका सकाळी बेल घोड्यावरून रपेटीला निघाला. वाटेत एक गावठी शाळा भरलेली दिसली. पोरांच्या पुढ्यात वाळू. बोटानं अक्षर काढायचं, मोठ्यानं म्हणायचं, तळहातानं पुसायचं, पुन्हा काढायचं. कागद, शाई, काही नको! घबाड सापडावं तसा तो परतला.

आश्रमात वाळू आली, पण मास्तर अडून बसले. हे जमायचं नाही, म्हणाले. मग बेलनं जॉन फ्रिस्किनला हाताशी धरलं. साध्या शिपायाचा मुलगा, वय वर्षं ८. मास्तरांनी हात टेकलेला वर्ग या पोरानं मार्गी लावला. हळूहळू बाकीचे वर्गही मुलांकडेच गेले.

आपल्याकडे वाळूचं कुणाला अप्रूप वाटलं नसतं. पंतोजींच्या शाळेत ओनामा धुळपाटीवरच व्हायचा. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानंही १६२३ मध्ये कानडी मुलखात मुलांना एकत्र घोकत वाळूत आकडे गिरवताना पाहून तसं लिहून ठेवलं होतं. पण तो वाटसरू. बेलला रोज शाळा चालवायची होती. म्हणून मास्तर अडले तिथे त्याला फ्रिस्किन सापडला.

मुंबईत रिचर्ड कॉब या पाद्र्यानं १७१८ च्या सुमारास काढलेली धर्मादाय शाळाही शतकभर मूठभर मुलांपुरतीच राहिली. १८१५ मध्ये आर्चडीकन बार्न्स यांच्या संस्थेनं ती हाती घेतली आणि मुलांनीच मुलांना शिकवायची बेलची पद्धत आणली. नाशिकजवळ देवळालीला जी बार्न्स शाळा लागते, ती याच शाळेची वारस.

या पद्धतीवरचं बेलचं पुस्तक १७९७ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि पुढे इंग्लंडभर त्याच्या पद्धतीच्या हजारो शाळा निघाल्या. दानशूरांना ही पद्धत एवढी पटली, यात नवल नाही. मॉनिटरला, म्हणजे वर्ग शिकवणाऱ्या पोराला, पगार द्यावा लागत नव्हता.