दोन फ्रेम गळाल्या की ताल चुकतो

न्यू यॉर्कच्या अस्टोरिया स्टुडिओत 1929 साली ‘द कोकोनट्स’चं चित्रीकरण चाललं होतं. मार्क्स बंधूंचा हा पहिला बोलपट. दिवसा स्टुडिओ आणि रात्री ब्रॉडवेवर ‘ॲनिमल क्रॅकर्स’ या नाटकाचा प्रयोग, अशी त्यांची धावपळ होती. अडचण झाली ती कागदाची. त्या बंधूंपैकी ग्राउचो जमिनीचा नकाशा उलगडायचा आणि त्या काळच्या मायक्रोफोनमध्ये कागदाची चुरचुर एवढी मोठी ऐकू यायची की संवादच बुडायचे. शेवटी कॅमेऱ्यासमोर येणारा प्रत्येक कागद आधी पाण्यात भिजवायचा, असं ठरलं. आज ब्लू-रेवर तो प्रसंग पाहताना ग्राउचोच्या हातातला नकाशा चिंब ओला, लोळागोळा झालेला दिसतो. ग्राउचोची मिशी खरी नाही, नाकाखाली फासलेला काळा रंग आहे, हेही त्या रंगाच्या चकाकीवरून कळतं. व्हिडिओ कॅसेटच्या धूसर प्रतीत यातलं काहीच दिसत नव्हतं.

बोलपटाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत हॉलिवूडनं गाण्या-नाचाचे विनोदी चित्रपट धडाक्यानं काढले. त्यांच्याविषयी एक मत पक्कं झालेलं आहे: अवघडलेले, एका जागी खिळलेले, रंगभूमीची नुसती नक्कल करणारे. या मतात तथ्य आहे. कॅमेऱ्याच्या मोटरचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन, दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत कोंडत. तिथून कॅमेरा हलणार तरी किती? पण माझ्या मते या चित्रपटांची बदनामी झाली ती मुख्यतः वाईट प्रतींमुळे. आवाज घोगरा, चित्र पुसट, मध्येच तुटलेलं गाणं, अशा अवस्थेत कुठलाही विनोद मरतो. त्याच चित्रपटाची नीट प्रत पाहिली की पडद्यावरची माणसं किती तयारीची होती ते उमगतं. वर्षानुवर्षं व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या मिश्र कार्यक्रमांच्या, रंगमंचावर रोज प्रेक्षकांना हसवून ती इथवर आलेली होती.

प्रती वाईट का झाल्या, याची कारणं अनेक आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर चिकट होऊन कुजते. शिवाय जुना चित्रपट सांभाळून ठेवायची वस्तू आहे, हे स्टुडिओंच्या गावीही नव्हतं. पण सगळ्यांत जास्त नुकसान कात्रीनं केलं. 1934च्या जुलैपासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. त्याआधीचे चित्रपट पुन्हा प्रदर्शित करायचे तर नव्या नियमांत बसवणं भाग होतं. मग चावट ओळी, झिरझिरीत कपडे, अर्धवट सूचक नजरासुद्धा काढल्या गेल्या. आणि अनेकदा हे तुकडे प्रिंटमधून न काढता मूळ निगेटिव्हमधूनच कापले गेले. मूळच कापलं की पुढची प्रत्येक प्रिंट लंगडी निघणार.

‘ॲनिमल क्रॅकर्स’ (1930) याचं ठळक उदाहरण आहे. 1936च्या पुनर्प्रदर्शनासाठी त्यातल्या ओळी कापल्या गेल्या. पुढे लेखकांशी झालेल्या कराराची मुदत संपली आणि हक्कांच्या भांडणात चित्रपट कुलुपात गेला. 1970च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी चळवळ केली, म्हातारा ग्राउचो स्वतः त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि 1974 साली चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. आला तो मात्र कापलेलाच. मूळ लांबीची प्रत सापडली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात. त्या प्रतीवरून केलेली आवृत्ती 2016 साली युनिव्हर्सलनं काढलेल्या मार्क्स बंधूंच्या पॅरामाउंट चित्रपटांच्या ब्लू-रे संचात आली. पॅरामाउंटचे चित्रपट युनिव्हर्सलकडे कसे, असा प्रश्न पडेल. पॅरामाउंटनं आपले 1929 ते 1949 या काळातले बोलपट 1958मध्ये एमसीए या कंपनीला विकून टाकले होते आणि पुढे युनिव्हर्सल त्याच घराण्यात आली.

परत आलेला भाग मोजला तर एक-दोन मिनिटांचाच आहे. पण यातल्या काही ओळी ग्राउचोनं रंगवलेल्या कॅप्टन स्पॉल्डिंगच्या स्वागतगीताच्या ऐन मध्यातल्या आहेत. इतकी वर्षं तिथे गाणं ठेच लागल्यासारखं पुढे उडायचं आणि प्रेक्षकांना वाटायचं, रचनाच तशी असेल. आता यमक जुळतं, विनोदाला उत्तर मिळतं, कोरस वेळेवर येतो.

संगीत-विनोदी चित्रपटाची डागडुजी इतर चित्रपटांपेक्षा अवघड का, ते इथे कळतं. बोलपट सेकंदाला 24 फ्रेम या वेगानं चालतो. एखाद्या गंभीर संवादात दोन फ्रेम गळाल्या तर डोळ्यांना क्वचितच कळतं. गाण्यात त्याच दोन फ्रेम गळाल्या की समेवर येता येता तबलजीनं अर्धी मात्रा खाल्ल्यासारखं होतं, आणि टॅप डान्स असेल तर पाय एकीकडे आणि ठेका दुसरीकडे. विनोदाचंही तेच. वाक्य संपल्यानंतरचा थांबा थोडा जरी आखूड झाला तरी हशा पिकत नाही.

वॉर्नर ब्रदर्सच्या व्हिटाफोन पद्धतीत तर हा धोका दुप्पट होता. तिथे आवाज फिल्मवर नसून 16 इंची तबकडीवर असे. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस फेरे घेई, सुई आतून बाहेर सरके, आणि एका रिळाला, म्हणजे साधारण 11 मिनिटांना, एक तबकडी पुरे. लेबलवर चौकोन छापलेले असत. प्रत्येक खेळाला एक खूण करायची आणि 20 खेळ झाले की तबकडी बाद. मध्येच फिल्म तुटली तर प्रोजेक्टर चालवणाऱ्याला गळालेल्या फ्रेम मोजून तेवढीच काळी फिल्म जोडावी लागे. नाहीतर उरलेलं रीळभर ओठ आणि आवाज यांची फारकत!

काळाच्या ओघात फिल्म एका देशात आणि तबकडी दुसऱ्याच कुणाच्या माळ्यावर, अशी ताटातूट झाली. 1991 साली रॉन हचिन्सन आणि त्यांच्या काही मित्रांनी ‘व्हिटाफोन प्रोजेक्ट’ सुरू केला. हे हौशी संग्राहक. तबकड्या हुडकायच्या, कुठल्या संग्रहात त्यांची फिल्म आहे ते शोधायचं आणि दोघींची गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं (यूसीएलए) फिल्म संग्रहालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि वॉर्नर यांच्या मदतीनं अनेक लघुपट असे पुन्हा बोलते झाले. जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांचा ‘लँबचॉप्स’ (1929) आज घरबसल्या पाहता येतो, तो या खटाटोपामुळे. उलट बाजूही आहे. ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ हा 1929चा तुफान चाललेला रंगीत चित्रपट. त्याचा आवाज तबकड्यांवर राहिला आहे, चित्र मात्र शेवटाकडच्या थोड्याशा भागाचंच उरलं आहे.

रंगांचा प्रश्न आणखी नाजूक, आणि त्यासाठी ‘किंग ऑफ जॅझ’कडेच (1930) जावं लागतं. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाभोवती युनिव्हर्सलनं उभा केलेला हा रंगीत जलसा, दिग्दर्शक जॉन मरे अँडरसन. गायक बिंग क्रॉस्बी पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो यात, सुरुवातीचं व्यंगचित्र वॉल्टर लँट्झचं. त्या वेळचं टेक्निकलर दोनच रंगांचं होतं. लेन्समागच्या लोलकातून प्रकाशाचे दोन भाग होत. एक लाल गाळणीतून जाई, दुसरा हिरव्या, आणि दोन्हींची नोंद एकाच कृष्णधवल फिल्मवर जोडीजोडीनं होई. प्रिंट काढताना एकावर नारिंगी-लाल आणि दुसऱ्यावर निळसर-हिरवा रंग चढवत. त्वचा, लाकूड, सोनं यात देखणं येई. खरा निळा मात्र येतच नसे.

आणि चित्रपटाचा मुख्य नजराणा होता गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’! नावातच निळा. अँडरसन आणि नेपथ्यकार हर्मन रॉसे यांनी नाना कापडं आणि रंग कॅमेऱ्यासमोर धरून पाहिले. अखेर राखाडी आणि चंदेरी पार्श्वभूमीवर हिरव्याची एक अशी छटा हाती लागली, जी पडद्यावर मोरपंखी भासते. रॉसेला या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालं.

1933मध्ये युनिव्हर्सलनं हा चित्रपट कापून सुमारे तासाभराचा केला आणि निगेटिव्हही तसंच कापलेलं उरलं. 2016च्या पुनरुज्जीवनात त्या निगेटिव्हला जुन्या नायट्रेट प्रिंटमधले तुकडे जोडले गेले. जिथे फक्त आवाज होता, चित्र नव्हतं, तिथे स्थिरचित्रं घातली. सुमारे 98 मिनिटांची ही आवृत्ती 2018 साली क्रायटेरियन या कंपनीनं ब्लू-रेवर आणली. आजच्या संगणकावर तो मोरपंखी पडदा अस्सल निळा करणं अगदी सोपं होतं. तो मोह पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी टाळला, आणि या कामातला हा निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. निळा नसताना निळ्याचा भास उभा करण्यातली रॉसेची करामत त्यामुळे शाबूत राहिली. स्थिरचित्रांचंही तसंच. इथे भोक आहे, हे ती प्रामाणिकपणे सांगतात.

याच चित्रपटाचा शेवट जगभरच्या संगीतातून अमेरिकन जॅझ कसं घडलं, याचा देखावा मांडतो. त्यात युरोपातले देश एकामागून एक येतात. ज्या कृष्णवर्णीयांनी जॅझ जन्माला घातलं त्यांना मात्र जागाच नाही. एडी कँटरच्या ‘वूपी!’मध्ये (1930) तोंडाला काळं फासून केलेला विनोद आहे. हे पाहताना राग येतो आणि यायलाच हवा. पण म्हणून हे भाग गाळले तर 1936च्या कात्रीत आणि आपल्यात फरक काय राहिला?

अतिउत्साही सफाईही तितकीच घातक. फिल्मवरचे बारीक कण म्हणजे ग्रेन. चित्र त्यांचंच बनलेलं असतं. संगणकानं ते पुसले की चेहरे मेणाचे दिसू लागतात. आवाजातली सरसर फार दाबली तर बुटांचा खणखणीत टॅपही बोथट होतो. फ्रेमच्या आकाराचीही हीच गत. ध्वनिपट्टीनं जागा घेतल्यामुळे 1930च्या आसपासच्या पुष्कळ चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस होती. जुन्या व्हिडिओवर ती टीव्हीच्या आकारात बसवताना वरची टोपी आणि खालचे पाय कापले जात. नाचाच्या चित्रपटात पाय कापले! नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीचं ‘गोल्ड डिगर्स ऑफ 1933’मधलं व्हायोलिनचं नृत्य चांगल्या डिस्कवर पाहावं. काळोख खरोखर काळा असला, तरच निऑनच्या रेषांनी उजळलेली ती व्हायोलिनं हवेत तरंगतात.

युनिव्हर्सलच्या अशाच एका संगीतपटाशी आपला थेट संबंध आहे. मुंबईच्या एक्सेलसियर चित्रपटगृहात अर्देशिर इराणींनी ‘शो बोट’ (1929) हा अर्धबोलपट पाहिला आणि त्यातून ‘आलम आरा’ची कल्पना त्यांच्या मनात आली. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या त्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (1932) सुदैवानं वाचला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते 1964मध्ये, तोवर बरंच काही निसटून गेलं होतं.

डिस्क मागवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेतल्या बऱ्याच ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या असतात, भारत ‘सी’ विभागात मोडतो. तेव्हा सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागतो. शिवाय वेष्टनावर ‘रिस्टोअर्ड’ छापलेलं पाहून भुलू नये. कुठल्या प्रतीवरून काम केलं, चित्रपट मूळ किती मिनिटांचा होता आणि डिस्कवर किती आहे, हे आधी पाहावं. रुबेन मामुलियनचा ‘लव्ह मी टुनाइट’ (1932) हा त्या काळातला माझा सर्वांत लाडका चित्रपट. पॅरिसची सकाळ झाडूच्या आणि हातोड्यांच्या ठेक्यावर जागी होते आणि तिथून गाणं शिंप्याच्या दुकानात, टॅक्सीत, आगगाडीत, सैनिकांत आणि जिप्सींच्या तळावर फिरत फिरत राजकन्येच्या सज्जापर्यंत पोहोचतं. तो मूळचा 104 मिनिटांचा; आज मिळतो तो 89 मिनिटांचा. मधली 15 मिनिटं अजून कुठेही सापडलेली नाहीत.