कागदावरचा बार

(लेखमाला : घरातली अवजारं, भाग १४)

मागच्या भागात ठासणीच्या बंदुकीत दारू पेट घेते तेव्हा नळीच्या आत काय घडतं ते पाहिलं. आज नळीच्या तोंडाबाहेरची गोष्ट. छर्रे बाहेर पडल्यावर नेमके जातात कुठे? वेंगुर्ले तालुक्यात ज्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्या घरी याचं उत्तर तयार असतं. ‘आमचो बार सत्तर पावलार बसता.’ बसतो म्हणजे किती दाणे बसतात, आणि केवढ्या जागेत, हे पुढे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न माझ्याही डोक्यात नव्हता. विस्कॉन्सिनला असलेल्या भाच्याने एक फोटो पाठवला तेव्हा तो पडला. फोटोत खाकी कागद, त्यावर एका पक्ष्याची मान आणि डोकं, सगळीकडे बारीक भोकं, आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं ‘११४’. टर्कीच्या शिकारीचा हंगाम उघडण्याआधी तिकडचे लोक आपली बंदूक अशी कागदावर तपासतात. त्या राज्यातून रानटर्की पार नाहीशी झाली होती. १९७६ पासून मिसुरी राज्यातून टर्की आणून पुन्हा सोडल्या, त्या बदल्यात विस्कॉन्सिनचे ग्राऊस पक्षी दिले, आणि आता तिथे परवाना काढून शिकार चालते.

टर्की आपल्याकडचा पक्षी नाही, पण तो हिंदुस्थानात आला तो आपल्या शेजारूनच. १६१२ मध्ये सरदार मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी नवलाची जनावरं नेली, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, हे पाहून बादशहा इतका हरखला की त्याने वर्णन आठवणींत लिहून ठेवलं आणि चित्रही काढवून घेतलं. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या माणसाला ‘पेरूची शिकार’ म्हटलं तर तो आकडी शोधायला जाईल.

बादशहाला भुरळ घालणारं तेच डोकं शिकाऱ्याचं लक्ष्य. टर्कीच्या अंगावर पिसांचा जाड थर असतो, अंगात छर्रे घेऊनही तो पळून जातो आणि मग रानात कुठेतरी कुढत मरतो. म्हणून नेम फक्त डोक्यामानेवर. शिकारी झाडाला टेकून बसतो, मादीच्या आवाजाची नक्कल करतो, आणि नर जवळ येईपर्यंत हलत नाही. बार एकच मिळतो. तेव्हा आपल्या बंदुकीचे छर्रे किती अंतरावर किती दाट पडतात, हे आधी ठाऊक असावं लागतं. तिथला ढोबळ हिशेब असा: १० इंची वर्तुळात १०० भोकं पडतात तिथपर्यंत बार मारायचा, त्यापुढे नाही. भाच्याचे ११४ हे ३५ यार्डांवरचे. चाळीसवर तीच बंदूक ८१ वर आली, म्हणून त्याने आपली हद्द पस्तिसावर ठरवली.

जुनी, सर्वसाधारण कसोटी याहून वेगळी आहे. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, चार फुटी कागद लावायचा आणि बार टाकायचा. वर्तुळ आधी काढायचं नाही, खरी मेख इथेच आहे. भोकं जिथे सर्वांत दाट तिथे मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ नंतर काढायचं. आतली भोकं मोजायची, काडतुसातल्या एकूण दाण्यांशी टक्केवारी लावायची. सरळ नळी साधारण ४० टक्के दाणे वर्तुळात ठेवते, तोंडाशी पुरती आवळलेली ‘फुल चोक’ नळी ७० टक्के. बाराच्या बोराची नळी साडेअठरा मिलिमीटर रुंद असते (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी एवढी होते, ‘बारा बोर’ हे नाव तिथलंच), आणि फुल चोक म्हणजे तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटरची आवळण. एवढ्याशा फरकाने चाळिसाचे सत्तर होतात.

नेम आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी, हे कागदच सांगतो. दाट झुपका पडतो, पण वीतभर डावीकडे. मग दोष बंदुकीच्या दस्त्याचा, माशीचा किंवा घोडा ओढणाऱ्या बोटाचा. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही. निदान पाच कागद हवेत, कारण एकाच प्रकारच्या काडतुसांचे दोन बार सारखे पडत नाहीत.

छर्रे पांगतात का? शिसं मऊ. दारूचा धक्का बसला की मागचे दाणे पुढच्यांवर आदळून चेपतात, कडेचे नळीला घासून चपटे होतात, आणि चपटा दाणा हवेत सरळ जात नाही. म्हणून शिशात अँटिमनी घालून ते कडक करतात, छर्रे प्लास्टिकच्या वाटीत बसवतात. टर्कीवाले तर आता टंगस्टनचे दाणे वापरतात, शिशाच्या दीडपट जड. ठासणीच्या बंदुकीत यातलं काहीच नसतं. सरळ नळी, मऊ शिसं, चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा. आणि वर आपली समजूत अशी की दारू वाढवली की बार घट्ट जातो. होतं उलटं. धक्का वाढतो, दाणे जास्त चेपतात, आणि झुपक्याच्या मधोमध भगदाड पडतं.

आता आपल्याकडचं खरं दुखणं, एसजी, म्हणजे जाड छर्ऱ्यांचं काडतूस. डुकरासाठी लोक हेच काडतूस मागतात. सहा नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे २७० येतात, एसजीचे फक्त ८. आठ दाण्यांची टक्केवारी काय काढणार? चाळीस यार्डांवर सरळ नळीतून तीनेक दाणे ३० इंचांच्या आत, बाकीचे देवाच्या हवाली. डुकराच्या वर्मी लागण्याची जागा त्या वर्तुळाच्या निम्मीसुद्धा नसते. जखमी डुकर काजूच्या बागेत शिरलं की दुसऱ्या दिवशी पाचोळा गोळा करायला जाणाऱ्या बाईची काय गत होते, ते इथे सांगायला नको. चुकलेला दाणा थांबतो कुठे, हेही पाहा. छर्ऱ्याचा इंचातला व्यास गुणिले २२०० म्हणजे तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल, असा जुना ढोबळ नियम आहे. सहा नंबर सव्वादोनशेच्या आसपास थांबतो, एसजी सातशेच्या पुढे जातो. सातशे यार्डांत आपल्याकडे एक अख्खी वाडी बसते.

कागद लावायचाच असेल तर आधी परवाना वाचा. त्यात हेतू आणि क्षेत्र लिहिलेलं असतं, म्हणून पोलीस ठाण्यात विचारून अधिकृत चांदमारीच्या जागीच जावं. चिरेखाणीची भिंत मागे आयतीच मिळते असं वाटेल, पण चिरा छर्रे उलटे फेकतो, मागे मऊ मातीचा उंच बांध हवा. आणि रानडुकर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, शेतात आलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

हे सगळं मी तुळस गावाच्या बाजूला राहणाऱ्या एका आजोबांना सांगितलं. ते हसले. ‘कागदार बार कित्याक घालवतंस? कागद काय भात खाता?’ मग स्वतःच मला जुन्या मांगराकडे घेऊन गेले. फणसाच्या लाकडाचं दार, आणि त्यात बोट जाईल असे पाच खड्डे. कायद्याच्या आधी कधीतरी त्यांच्या वडिलांनी भातात शिरलेल्या डुकरावर एसजीचा बार टाकला होता, आजोबा तेव्हा शेजारी बॅटरी धरून उभे. सत्तर पावलांवरचा बार, घरात आजवर सांगितला जाणारा. आम्ही बांधावरच्या त्याच जागेवरून पावलं मोजली. चौतीस भरली. खड्डे दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या फळीपर्यंत पसरलेले, उरलेले तीन दाणे दाराबाहेरच गेले असणार.

‘डुकर खंय होतो?’ मी विचारलं.

आजोबांनी दाराच्या उजवीकडे, चांगल्या दोन हातांवर, काठी टेकवली.